दाताखालची सरकी

घाटंजीच्या जिनिंगमध्ये कापसाची गाडी लागली की भीमरावमामा, माझ्या आईचे भाऊ, कापसात कोपरापर्यंत हात घालायचे, एक सरकी काढायचे आणि दाढेखाली धरायचे. कट्‌कन वाजली तर कापूस वाळलेला, नुसती चेपली तर ओला. "माही दाढ खोटं नाही बोलत," असं म्हणायचे. कापसाच्या भावाचे हाल चालले होते त्या वर्षांत. गाडीवाले सगळ्या जगावर चिडलेले असत, पण मामांच्या दाढेशी कोणी हुज्जत घालत नसे; जिनिंगचा मालक सेठही तिच्याच भरवशावर माल घ्यायचा.

एवढा त्या दाढेचा तोरा, आणि तिच्याच शेजारी दिवसभर सुपारी-तंबाखूचा खर्रा! हिरड्या सुजल्या, रक्त यायला लागलं, मामा तोंडावर हात धरून हसायला लागले. छाती तर रुईच्या धुळीनं आणि विडीनं आधीच खाल्लेली. अंगण ओलांडलं तरी धाप लागायची. दर हिवाळ्यात कफ, ताप आणि दवाखाना.

शेवटी यवतमाळच्या छातीच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना तोंड उघडायला लावलं. "हिरड्यांत पू आहे. तिथले जंतू श्वासाबरोबर खाली उतरतात, आणि तुमच्या फुफ्फुसांना आता ते झेपत नाही. श्वासाचा पंप चालू ठेवा, खर्रा-विडी सोडा, हिरड्या साफ करून हलणाऱ्या दाढा काढून घ्या."

बाहेर आल्यावर मामा माझ्यावरच खेकसले, "दाढ काढली तं सेठ मले कायले ठेवीन वं?"

मी तिथंच रडायला लागले. मामांच्याच घरात वाढले मी, दुसरा बाप मला माहीत नाही. तेव्हा डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "रडू नोको माय. जातो दाताच्या डाक्टरकडे. तुही शप्पथ."

गेले, आणि गालात कापसाचा बोळा धरून परत आले. "झालं साफ. एक दाढ काढली, बाकी पक्क्या हायेत म्हने." मी आनंदानं मऊ खिचडी रांधली.

त्याच हंगामात सेठनं ओल मोजायचं यंत्र आणलं. कापसात खुपसलं की आकडा दिसतो. मामांना फाटकावर बसवलं.

थंडीत मामांना भरती केलं. बाईंनी तोंड तपासलं आणि माझ्याकडे वळल्या, "या दातांना तर कोणी हातच लावलेला नाही."

"मामा, गालात कापूस व्हता ना तुमच्या?"

मामांनी नाकावरचा मास्क जरा बाजूला केला. "जिनिंगातला व्हता माय. दाढ खोटं नाही बोलली. मी बोललो."

मामा गेले. मयतीला सेठ आला, असा माणूस पुन्हा मिळायचा नाही म्हणाला. मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. पण त्याचा राग कधीच विरला. मामांचा नाही विरत. ज्या दाढेसाठी माझी शपथ खोटी घेतली, ती त्या हंगामात कोणाला नकोच होती. लोक म्हणतात, आता माफ कर. कशी करू? माझी खिचडी त्यांनी गालातला बोळा सांभाळत, हळूहळू, सगळी खाल्ली होती.