मंजुळाबाईनं न घेतलेलं नाव

पिंपळे सौदागरच्या मंजुळाबाईचं तोंड कसं होतं, ते गावात कुणालाही विचारावं. बांधावरून भांडण लागलं की तिचा आवाज पवना नदीपलीकडे कासारवाडीला ऐकू जाई. पिंपरीच्या सिंधी कॅम्पात ती भाजीची पाटी घेऊन जायची, तेव्हा तिथल्या बायकांशी मोडक्यातोडक्या हिंदीत अशी हुज्जत घालायची की त्या बिचाऱ्या शेवटी हात जोडायच्या. पण एक शब्द या बाईच्या तोंडून कधी निघाला नाही, तो म्हणजे नवऱ्याचं नाव.

नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं तिला सासूनं सांगितलं होतं, आणि सासूला तिच्या सासूनं. मंजुळाबाईनं ते अगदी काटेकोर पाळलं. नवऱ्याचं नाव ज्योतीराम, म्हणून ती दिव्याच्या ज्योतीलाही वात म्हणे. देवळात सगळे ज्योतिबाच्या नावानं चांगभलं करायचे, तेव्हा ही नाव गिळून नुसतं चांगभलं म्हणे. "अगं, देवाचं तरी घे!" बायका चिडवायच्या. ही पदर तोंडाला लावून हसायची. गावात त्यावाचून काही अडत नव्हतं. मंजुळा कुणाची, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तिला नवऱ्याचं नाव विचारणार तरी कोण?

ज्योतीराम मुंबईला गोदीत हमाली करायचा. दर दिवाळीला यायचा, लेकीसाठी, छबूसाठी, काहीबाही आणायचा. त्रेपन्न सालची दिवाळी मात्र कोरडी गेली. पुढे थंडी सरत आली तेव्हा गावचा दौलतराव मुंबईहून आला आणि दारातूनच म्हणाला, "वहिनी, ज्योतीराम दिसला माझगावला. लई खोकत व्हता. संगतीची माणसं म्हनत व्हती, दवाखान्यात घालतो. कंचा दवाखाना, ते काय कळलं न्हाई बगा."

घरात दुसरा पुरुष म्हणजे धाकटा दीर आबाजी. पिंपरीला औषधाचा कारखाना उभा राहत होता, तिथं तो विटा वाहायला जायचा. तो म्हणाला, "वहिनी, खाडा झाला तर मुकादम घालवून दील. रविवार येऊ द्या, मी जातो."

"रविवार येस्तवर त्यांनी काय खोकत बसायचं व्हय?" मंजुळाबाई म्हणाली. छबूला जावेपाशी ठेवलं, चार भाकऱ्या बांधल्या आणि दापोडीला गाडीत बसली. एकटी. बाई माणूस एकटं मुंबईला चाललंय म्हणून गावानं नाकं मुरडली. आता नाकं मुरडायला काय लागतं? सोबत जायला एकही नाक निघालं नाही.

बोरीबंदरला उतरली आणि माझगावचा रस्ता विचारत चालायला लागली. तिला वाटलं होतं, मुंबई म्हणजे मोठं पुणं असेल. पण इथं दर वळणावर माणसांचा पोशाख बदलत होता, बोली बदलत होती. बुरखा घेतलेल्या बायका घासाघीस करत होत्या, आणि त्यांची हुज्जत हुबेहूब तिच्यासारखीच होती. सोनेरी काठाची टोपी घातलेला एक बोहरी दुकानदार अत्तराच्या बाटल्या पुसत होता. तिनं रस्ता विचारला तर त्यानं आधी बसायला स्टूल दिलं. पुढे एका पठाणानं नुसत्या काठीनं दिशा दाखवली. माझगावात फ्रॉक घातलेल्या एका म्हाताऱ्या ख्रिस्ती बाईनं तिला पाणी पाजलं. ही तिचे उघडे पाय बघून लाजली आणि पाणी मात्र दोन पेले प्यायली. एका दुकानावर रंगवलेल्या दातांची भली मोठी पाटी होती आणि दारात चिनी दातवाला खुर्ची टाकून पेपर वाचत होता. मंजुळाबाई तिथं थबकली. चिनी माणूस तिनं जन्मात पाहिला नव्हता. तो हसला, तीही हसली. घरी गेल्यावर हे यांना सांगायचं, असं तिच्या मनात आलं. थोडा वेळ तिला बरंही वाटलं. त्या बरं वाटण्याबद्दल तिनं पुढे स्वतःला कधी माफ केलं नाही.

गोदीतल्या हमालांना कुठल्या दवाखान्यात नेतात, ते विचारत विचारत ती एका मोठ्या दवाखान्यापाशी पोचली. दुपार झाली होती. गजाच्या खिडकीमागे एक कारकून बसला होता.

"पेशंटचं नाव?"

"आमचे मालक हायती जी. गोदीत असत्यात. खोकला लागलाय."

"बाई, इथं सगळेच खोकतायत. नाव सांगा."

"काटे. पिंपळे सौदागरचे काटे."

त्यानं बोट फिरवत पाहिलं. "काटे कुणी नाही. पूर्ण नाव काय?"

मागं रांग लागली होती. माणसं गलका करत पुढे ढकलत होती. उखाण्यात घेता आलं असतं, पण तो मांडवात, बायकांच्या घोळक्यात घ्यायचा. परक्या पुरुषापुढे, गजाच्या खिडकीत, आजाऱ्याच्या नावाचा उखाणा कसा घेणार? आणि खरं सांगायचं तर लाजेपेक्षा भीती मोठी होती. आधीच त्यांच्या जिवावर बेतलेलं. त्यात आपण नाव घेऊन होतं तेवढंही आयुष्य तोडायचं? ती तोंडाला पदर लावून उभी राहिली. बांधावर अख्खं गाव गप्प करणारी बाई, तिच्या तोंडून एक अक्षर फुटेना.

"नाव नसेल तर बाजूला व्हा," कारकून म्हणाला. ती बाजूला झाली.

बाहेर फुटपाथवर एक बाई मेथी विकत बसली होती. मंजुळाबाईचं रडणं ऐकून तिनं विचारलं, "कुठली गं तू?" बोली ऐकूनच दोघींना ओळख पटली. गोजाबाई जुन्नरकडची होती. तिनं उरलेली मेथी गोळा केली आणि मंजुळाबाईला आपल्या खोलीवर नेलं. जेवू घालून सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला.

"नाव कशावरून हाय? देवावरून?"

"व्हय."

"इठ्ठल? खंडोबा?"

मंजुळाबाईनं मान हलवली. "गुलालाचा देव. डोंगरावरला."

"चांगभलं?"

मंजुळाबाईनं डोळे मिटून मान डोलावली.

"ज्योतिबा. ज्योतीराम का गं?"

मंजुळाबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तेच उत्तर होतं. "सकाळी दार उघडलं की मी येते संगं," गोजाबाई म्हणाली. "मी घीन नाव. मला काय पाप लागतंय?"

सकाळी खिडकीशी गोजाबाईनंच नाव सांगितलं. कारकुनाला ते लगेच सापडलं. संगतीच्या हमालांनी आडनाव सांगितलंच नव्हतं. नुसतं ज्योतीराम, पुणेवाला. त्यानं वर माडीवर जायला सांगितलं. खिडकीच्या डोक्यावर, जिना चढून गेलं की पहिलीच खोली. तिथली खाट रिकामी होती आणि एक वॉर्डबॉय गादी उलटी करत होता.

"पहाटे गेला," तो म्हणाला. मग मंजुळाबाईकडे बघून त्याचा हात थांबला. "तुम्ही घरच्या का? काल दुपारी खाली गलका झाला, तेव्हा विचारत होता, माझं कुणी आलंय का बघा. मी खाली बघून आलो. म्हटलं, तुझं नाव घेऊन कुणी आलेलं नाही."

मंजुळाबाई रडली नाही. ती जिना उतरून पुन्हा त्या खिडकीशी गेली. मयत ताब्यात घ्यायचं होतं. कारकुनानं वर न बघता विचारलं, "नाव?"

"ज्योतीराम," ती म्हणाली. आवाज एवढा मोठा निघाला की रांगेतली माणसं वळून बघायला लागली. कारकुनानं मात्र वर पाहिलं नाही. कालची बाई त्याच्या लक्षातही नव्हती.

गावी आल्यावर तिनं हे कुणाला सांगितलं नाही. दवाखाना उशिरा सापडला, एवढंच म्हणाली. भांडणं मात्र संपली. बांध कुणी कोरला तरी ती बघत राही. सिंधी कॅम्पातल्या बायका आपणहून चार पैसे जास्त द्यायला लागल्या; त्यांनाही तिची ती हुज्जत आठवत असावी. देवळात ती चांगभलं म्हणेना झाली. आणि संध्याकाळी दिवा लावताना, आत कुणी नाही असं बघून, ती नाव घ्यायची. कशासाठी, ते तिलाच ठाऊक. ऐकणारा तर गेला होता.

अठ्ठावन्न साली छबूचं लग्न झालं. जावयाचं नाव बबन. विधवेनं पुढं यायचं नसतं, म्हणून मंजुळाबाई मांडवाच्या मागच्या मेढीला टेकून बसली होती. बायकांनी नवरीला घेरलं होतं, "नाव घे, नाव घे." छबू पदर तोंडाला लावून, मान खाली घालून हसत होती. आईसारखीच. बायकांना तेच हवं होतं, त्याही हसत होत्या.

मंजुळाबाई उठली आणि बायकांमधून वाट काढत नवरीसमोर जाऊन उभी राहिली. कुणीतरी "अगं बाई!" म्हणालं. तिनं लेकीच्या तोंडावरचा पदर बाजूला केला.

"छबू, नाव घे. उखाना नको. नुसतं नाव."

"आई, अगं..."

"घे."

"बबन," छबू पुटपुटली.

"मोठ्यानं," मंजुळाबाई म्हणाली. "माडीवर निजलेल्या माणसाला ऐकू गेलं पायजे."