पाठमोरा इस्त्रीवाला

"तुम्ही डोळे वटारून समोर बसता, म्हणून तिच्या घशाखाली घास उतरत नाही!" शेजारच्या इस्त्रीवाल्याची बायको भर दुपारी ओरडली. मधे एकच भिंत; ऐकलं नाही म्हणून कुणाला सांगू? तोही ओरडला, "मग राहू दे उपाशी!" तेव्हा त्याचं काम सुटलं होतं. सगळा राग तीन वर्षांच्या पोरीच्या ताटावर निघायचा. बायको पोरीला घेऊन माहेरी गेली. तिथे पोरीला ताप आला. काडीसारख्या अंगात झुंजायला होतं काय? गेली बिचारी. बायको परत आली नाही.

खोली सोडून पुढे तीस वर्षं त्यानं आमच्या जिन्याखाली इस्त्री फिरवली, राहिलाही तिथेच. बोलणं मोजकं, पण सदऱ्याची घडी अशी की मोडायला जीव होऊ नये.

मग माझ्या नातीनं खाणं सोडलं. मुलाच्या कारखान्याला टाळं, सून दोन-दोन पाळ्या करून यायची, आणि दोघांचा जीव त्या एवढ्याशा वाटीत अडकलेला. "गिळतेस की देऊ एक?" दोघं ओरडायची. मी तरी कुठे शहाणी? नाक दाबून घास कोंबलाय मी. पोर तासभर गालात घास धरून बसायची. दवाखान्यातला वजनकाटा काही हलेना.

एकदा वैतागून सुनेनं तिला वाटीसकट जिन्यात बसवलं. मी मागोमाग गेले. इस्त्रीवाल्यानं पोरीकडे एकदा पाहिलं आणि पाठ फिरवली.

"काका, माझ्याकडे बघत का नाही?"

"बघितलं तर सदरा जळेल, बाईसाहेब."

पोर खुदकन हसली. वाटी कधी संपली, तिलाही कळलं नाही.

"रोज पाठवा, वहिनी," तो वाटी न्यायला आलेल्या सुनेला म्हणाला. "मी बघणार नाही." मग माझ्याकडे वळून हळूच, "मावशी, हे तेव्हा कळलं असतं तर..." आणि त्यानं पुन्हा इस्त्री उचलली.

वर्षभरात पोर बाळसं धरू लागली. त्याची छाती मात्र भरून यायची. डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून बजावलं होतं. ऐकेल तर शपथ!

तो गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी कपडे घेऊन धापा टाकत वर आला. आत पोर जेवत होती. सून तिच्याकडे पाठ करून शेंगा सोलत होती, मी भिंतीकडे तोंड करून बसले होते. तोही दारात नेहमीसारखा पाठमोरा उभा राहिला आणि हात मागे करून त्यानं गठ्ठा पुढे केला. वर पोरीची दुपारची वाटी, पुसून लख्ख.

"मोजून घ्या, मावशी," म्हणाला, आणि न बघताच खाली गेला.