फळ्यावरची दुसरी ओळ

सत्तरीचं दशक संपत आलं होतं. वर्ध्यातल्या आमच्या चौकात बातम्यांचा फळा होता आणि रोज सकाळी तो लिहायचं काम माझ्याकडे. पेपर घेणारी घरं थोडी, फळा सगळे वाचायचे. चळवळीची पत्रकं लिहून हात तयार झालेला. लांबलचक बातमी एका ओळीत बसवायचा मला माज होता.

एकदा पेपरात बातमी आली, पोरं पळवणारी परप्रांतीय टोळी जिल्ह्यात आल्याची कुजबुज आहे, पोलिसांना मात्र काही सापडलेलं नाही. मी लिहिलं, 'पोरं पळवणारी परप्रांतीय टोळी जिल्ह्यात'. बाकीचं मावत नव्हतं.

चौकातल्या कडुलिंबाखाली उत्तरेकडचा एक कल्हईवाला दर हिवाळ्यात भाता मांडायचा. नवसागराचा धूर निघाला की पोरं त्याच्याभोवती उकिडवी बसायची. त्या दुपारी आयांनी एकेकाला दंडाला धरून उठवलं. संध्याकाळी कोणीतरी त्याचा भाता फाडला.

मी भडकलो. घरी जाऊन पेपरवाल्यांविरुद्ध पत्रक लिहायला घेतलं, 'विष पेरणाऱ्यांनो, जाब द्या'.

सकाळी कल्हईवाला फळ्यापाशी आला. "भैया, तुम्हारा लिखा सब मानते हैं. मेरा भी लिख दो."

कालचा फळा अजून पुसला नव्हता. मी टोळीच्या ओळीखाली लिहिलं, 'कल्हईवाल्याचा टोळीशी संबंध नाही'. दोघं वाचत थांबले.

"कल्हईवाल्याचं काऊन आलं बे यात?"

"असन काहीतरी. उगाच कोनी लिहीन का?"

"माह्या पोराले परवा मुरमुरे देल्ले त्यानं."

मी म्हणालो, "अरे, नाही म्हणून लिहिलंय."

"तुले काय मालूम? तू तं पेपरातलंच लिहितं ना?"

पेपरात ते नव्हतं. ओळ पुसली तर संबंध आहे असं होणार, ठेवली तर लोक त्याच्याकडेच बोट दाखवणार. खडू घेऊन उभा राहिलो. कल्हईवाला सगळं ऐकत होता. दुपारी कडुलिंबाखाली नुसती राख होती.

"गेले माहे दोन गंज," आई म्हणाली. दोन्ही पितळी पातेली तिनं त्याच्याकडे कल्हईला दिली होती. "परक्याचा काय भरोसा?"

पण जाताना तो दोन्ही गंज पानठेल्यावर ठेवून गेला होता. एक आतून लखलखीत, दुसरा तसाच. आईनं दोन्ही उलटसुलट करून पाहिले. "भाताच फाडला तं कसा करन थो," ती म्हणाली, आणि माझ्याकडे पाहिलं. की गंजाकडेच पाहत होती, कोण जाणे.

पत्रक अर्धंच राहिलं. जाब कोणाला विचारायचा? पोलिसांचं ते वाक्य पेपरात होतं, पण पार तळाशी, बारीक टायपात. वर मोठ्या अक्षरात त्यांनीही टोळीच छापली होती. आणि भाता फाडणाऱ्यानं फळा वाचला होता की नाही, तेही मला माहीत नाही.

पुढच्या हिवाळ्यात कल्हईवाला आला नाही. बिनकल्हईच्या पितळेत आंबट कळकतं, म्हणून आईनं तो गंज फळीवर उपडा घातला. दुसऱ्या कोणाकडून कल्हई करून घ्यायला तिनं नकार दिला. सकाळी फळा मात्र मी लिहीत होतो.