खंडेनवमीला बंद राहिलेला गाळा

ती घटना आठवली की आजही तो उग्र वास नाकात येतो. लोडशेडिंगची वर्षं होती, मी अंबरनाथला नेमणुकीवर होतो. दसरा झाला आणि एमआयडीसीतला एक गाळेवाला, उल्हासनगरचा सिंधी, आमच्या पोलीस ठाण्यात आला.

"साहेब, खंडेनवमीला अख्ख्या लाईनीने शटर उघडून मशीनला हार घातला. बाजूवाला गाळा बंद. आत मशीनचा आवाज नाय, पण लाईट गेली की जनरेटर चालू. कशाला, बोलो?"

कारखानदार एक वेळ जेवण चुकवेल, मशीनची पूजा चुकवणार नाही. स्टेशन डायरीला नोंद केली, वरिष्ठांना कळवलं आणि दुपारी दोन पंच घेऊन गाळ्यावर गेलो. मालक आणि भाडेकरू दोघांनाही बोलावून घेतलं. मालक म्हणजे अंबरनाथ पूर्वेचे एक निवृत्त फिटर. भाडेकरू बदलापूरचा, चांगला शिकलेला. शटर उघडलं. पुढे मोकळी जागा, मागे जाड काळा पडदा, आणि गांजाचा वास.

"चावी काकांकडे असते. आत काय आहे ते त्यांनाच विचारा," भाडेकरू मालकाकडे बोट दाखवून शांतपणे म्हणाला.

"चावी आहे, पण मी आत पाऊल नाही टाकलं, साहेब." काकांनी चावी माझ्यापुढे धरली. गुन्हा लागला तर उरलेलं आयुष्य तुरुंगात, हे त्यांना कळत होतं. मलाही.

हवालदाराला म्हटलं, "पडदा ओढा, बॅटरी मारा."

"ओढा, मलापण बघू द्या," काका म्हणाले.

भाडेकरू मात्र पडद्याला आडवा झाला. "आत्ता नको, साहेब! झाडांची अंधाराची वेळ आहे. मध्येच उजेड लागला तर फूल नीट धरत नाही, मालात दम राहत नाही."

बोलून गेला आणि खाली बसला. पडद्यामागे गांजाची झाडं निघाली.

पोलिसापुढचा कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही. पण आता धागा हातात होता. आत सापडलेला, दिवे ठरल्या वेळी विझवणारा टायमर उल्हासनगरात विकणाऱ्या दुकानदाराने भाडेकरूलाच ओळखलं. काका साक्षीदार म्हणून घरी गेले.

खोटं तोंडाने बोलता येतं. पण माणसाने जे जिवापाड जपलंय, त्याला हात लावून बघावा. हे मी त्या दिवशी शिकलो.

पुढच्या खंडेनवमीला काकांनी मला बोलावलं. गाळ्यात एक जुनी लेथ मशीन होती. नारळ मलाच फोडायला लावला. अंधार पडल्यावर मी शटर ओढायला गेलो तर म्हणाले, "राहू द्या, साहेब. लोकांना दिसू दे."