डोनर म्हणून तपासलेली बाई

"वहिनीची किडनी चालत नाय म्हंजे? ब्लडग्रुप तर जुळला ना!"

संजय माझ्या टेबलासमोर उभा होता. खुर्ची पुढे केली तरी बसला नाही. त्याच्या मोठ्या भावाच्या, भाऊसाहेबांच्या, दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून तीनदा चांदवडजवळच्या गावाहून गाडी करून ते नाशिकला डायलिसिसला यायचे. त्यांची बायको सुनंदा किडनी द्यायला तयार होती. ती देता येणार नाही, एवढंच मी संजयला सांगितलं होतं.

मी एका खासगी हॉस्पिटलमध्ये ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर आहे. डॉक्टर नाही. किडनी घेणारा आणि देणारा, दोघांच्या तपासण्या, परवानग्या, समजावणं, घरच्यांची भांडणं, हे माझं काम. देणाऱ्याला आम्ही डोनर म्हणतो. डोनरची डोक्यापासून पायापर्यंत तपासणी होते, तिला वर्कअप म्हणतात. एक किडनी काढल्यावर उरलेल्या किडनीवर त्या माणसाला आयुष्य काढायचं असतं, म्हणून इतकी काळजी. 'माणसाला' म्हटलं खरं, पण माझ्यासमोर डोनर म्हणून बसतात त्या बहुतेक बायकाच. आई, बायको, बहीण. म्हणून आमच्याकडे वर्कअपमध्ये गायनॅकची तपासणीही असतेच.

सुनंदाताईंचं हिमोग्लोबिन फारच कमी निघालं. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "पाळीचा काही त्रास?"

"अंगावरून जातंय. लय दिवस झाले."

"कधीपासून?"

"धाकटी शाळेत जायला लागली तव्हापासून आसंल."

"कोणाला दाखवलं नाही?"

"गावातल्या डॉक्टरला सांगितलं. ते म्हणले अशक्तपणा हाय. गोळ्या दिल्या."

"तपासलं नाही?"

"नाय. नाडी बघितली." मग त्या हसल्या. "इथं किती बघितलं मला. छातीचा फोटो, पोटाचा फोटो, हृदयाचा. एवढं कोणी कधी बघितलं नव्हतं."

गायनॅक मॅडमनी तपासलं आणि तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट आला तो गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरचा. ऑपरेशनची वेळ गेली होती, पण रेडिएशन आणि केमोने बऱ्या होण्याची चांगली आशा होती. "मात्र थांबायचं नाही," मॅडम म्हणाल्या.

आमच्या किडनीच्या डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला. "डोनर रिजेक्ट. दुसरा डोनर आणायला सांगा."

"सर, आणि सुनंदाताई?"

"त्या आपल्या पेशंट नाहीत. कॅन्सरच्या हॉस्पिटलला रेफर करा."

सर वाईट माणूस नाहीत. आमचा पेशंट भाऊसाहेब होते, आणि कामाची रीत तशीच आहे. डोनर चालत नसला की त्याची फाईल बंद होते.

मी सुनंदाताईंना एकट्यांना बसवून सगळं सांगितलं. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "मंग ह्यांना किडनी कोण देईल?"

संजयला, आणि फक्त त्यालाच, सांगायची परवानगी त्यांनी दिली. त्याचा चेहरा पडला, पण बोलणं बदललं नाही. "मॅडम, घरात एक पेशंट आधीच हाय. दोन-दोन कसे सांभाळायचे? आधी दादाचं होऊ द्या."

"दादांसाठी गाडी नाशिकला येतेच. त्यात वहिनींना आणा. बाकीचे दिवस एसटी आहे. रेडिएशन थोड्या आठवड्यांचंच असतं."

"रोज यायचं? घरचं कोण बघल? कांदे काढणीला आलेत."

"मजूर लावा."

"विचारून सांगतो."

त्यानंतर मी फोन करत राहिले. आमच्याकडे सुनंदाताईंचा म्हणून जो नंबर होता तो संजयचाच होता. कधी काढणी चालू, कधी घरात लग्न, कधी 'वहिनीला आता बरं वाटतंय'. एकदा पलीकडून त्यांचा आवाज ऐकू आला, "मॅडमना सांगा, येते मी." फोन मात्र त्यांच्या हातात आला नाही.

दरम्यान दुसरा डोनर आला. तीही बाईच. भाऊसाहेबांची वणीला दिलेली बहीण, मंगल. तिचं वर्कअप स्वच्छ निघालं.

डोनरशी मी एकांतात बोलते, तेव्हा एक गोष्ट प्रत्येकाला सांगते. ती तिलाही सांगितली. "मनात नसेल तर इथेच सांगा. बाहेर आम्ही एवढंच सांगू की तुमची किडनी बसत नाही. खरं कारण कोणाला कळणार नाही."

"मनात हाय मॅडम. भाऊ हाय माझा," मंगल म्हणाली. "पण वहिनीला काय झालंय? घरी सांगतात पिशवीला सूज आली. तिचं तोंड बघवत नाय."

"ते मला सांगता येणार नाही. वहिनींनाच विचारा."

तिने माहेरी जाऊन विचारलं. पुढच्या डायलिसिसला ती भावासोबत गाडीतून आली आणि थेट माझ्याकडे. "वहिनीचा इलाज चालू झाल्याबिगर मी टेबलावर झोपायची नाय. तसं सांगा त्यांना."

"तुम्हीच सांगा. मी शेजारी उभी राहते."

भाऊसाहेब मशीनला जोडलेले होते. हातात दोन सुया, रक्त नळीतून फिरत होतं. मंगलने काही आडपडदा ठेवला नाही.  भाऊसाहेब सोबत आलेल्या संजयकडे बघून म्हणाले, "कॅन्सर? मला पिशवीची सूज सांगितली तुम्ही."

"तुझी तब्येत बघून नाय सांगितलं दादा."

"आन् तिची तब्येत कोणी बघितली?"

 मशीनचा अलार्म वाजला, नर्सने येऊन बंद केला. भाऊसाहेबांचे डोळे भरले होते, पण ते पुसायचं त्यांना सुचलं नाही. मंगलने पुसले.

सुनंदाताई पुढच्या फेरीत गाडीतून आल्या. नवरा आमच्याकडे उतरायचा, त्या पुढे रेडिएशनला जायच्या. पण सुरुवातीच्या स्कॅनमध्येच कळलं की मधल्या महिन्यांत गाठ बाजूला पसरली होती. लघवीची नळी दाबली गेल्यामुळे एका बाजूची किडनी सुजली होती. आमच्या वर्कअपमध्ये याच किडनीपुढे 'उत्तम' असं लिहिलं होतं. "आता कठीण आहे," कॅन्सरचे डॉक्टर म्हणाले. तरी त्यांनी पूर्ण उपचार दिले, आणि सुनंदाताईंनी एकही दिवस चुकवला नाही.

मंगलचं ऑपरेशन झालं. भाऊसाहेबांना किडनी लागू पडली. सुनंदाताईंचा आजार वर्ष पुरं व्हायच्या आत परत आला आणि त्या गेल्या. भाऊसाहेब अजून तपासणीला येतात, रिपोर्ट चांगले असतात. स्वतःहून सुनंदाताईंचं नाव काढत नाहीत. मंगलला मी वर्षातून एकदा तपासणीला बोलावते. "मला काय झालंय?" असं विचारते ती, आणि येत नाही.

मी सरांकडे एक बदल मागितला. कुठलीही बाई डोनर म्हणून रिजेक्ट झाली, तर बाहेर नातेवाइकांना सांगण्याआधी तिची पुढच्या डॉक्टरकडची वेळ मी ठरवून घेणार. आणि फोन नंबर तिला हवा त्या माणसाचा लिहून घेणार. सर म्हणाले, "कामातून वेळ मिळत असेल तर करा."

वेळ मिळत नाही, पण करते. या कामात मला एवढं कळलंय की आजारी पुरुषासोबत आलेल्या बाईत आजार सापडला, तर तिच्यासोबत कोणी आलेलं नसतं.