गायकवाड काकांचं नख

आमच्याकडे कामावर तोंड उघडायची सोयच नाही. आठ तास टोपी, मास्क, हातमोजे, आणि धूळ उडू नये म्हणून बोलायलाही मनाई. त्यामुळे किस्से आतल्या आत साठतात आणि कँटीनमध्ये मास्क उतरवला की भसाभसा बाहेर पडतात. त्यातले निम्मे गायकवाड काकांचे. हल्ली ते ऐकून कुणी फारसं हसत नाही, पण सांगितल्याशिवाय राहवतही नाही.

चाकणच्या आमच्या शेडमध्ये गाड्यांच्या स्क्रीनवर बसणारी फिल्म लेझरने कापतात. वर पातळ प्लॅस्टिकचे दोन थर, खाली चिकटवलेला लायनर, म्हणजे शेवटी सोलून टाकायचा कागद. वरचे दोन कापायचे, लायनर शाबूत ठेवायचा. तो कापला गेला की माल रिजेक्ट! काका लातूरकडचे, मशीनवर अठरा वर्षं. लायनरच्या पाठीवरून अंगठ्याचं नख फिरवायचे आणि म्हणायचे, "खाली कापायलंय." की मशीन बंद.

*

ताथवड्याच्या कॉलेजातून शिकून आलेल्या समीर सरांनी तपासणीला कॅमेरा बसवला. पहिल्याच दिवशी कॅमेरा म्हणाला ओके, काकांचं नख म्हणालं नाही. सरांनी हसून माल पाठवला. चौथ्या दिवशी अख्खा लॉट परत!

सर काकांपाशी आले. "काका, कॅमेऱ्याला जरा शिकवा ना."

*

एका रविवारी काका झोपलेले असताना काकूंनी ते वाढलेलं नख कापून टाकलं. सोमवारी काकांचा रजेचा अर्ज. कारण: नख.

मॅनेजर साहेब ओरडले, "किती दिवस?"

"वाढेल तवर."

साहेबांनी तीन दिवस मंजूर केले, राव!

*

मग ऑडिट आलं. हातमोजे सक्तीचे. काकांनी लेझरवरच मोज्याच्या अंगठ्याला नखापुरतं भोक पाडून घेतलं, एकदम गोल, कडा साफ. ऑडिटरने विचारलं, "हे काय?"

"खिडकी हाय, साहेब."

*

पुढचा किस्सा मी कँटीनमध्ये सांगत नाही. मागच्या वर्षी एकदा काकांनी चहाचा ग्लास पूर्ण मुठीत धरला होता. वाफ निघत होती. आम्ही दोन बोटांत कडा धरून फुंकर मारत होतो. मी म्हणालो, "काका, गरम आहे." काका म्हणाले, "न्हाई, गारच हाय की." आणि मग आपल्या लाल झालेल्या हाताकडे बघत बसले.

शुगरने बोटं बधिर झाली होती. त्यांच्या हातून खराब पीस पुढे यायला लागले. त्यांच्यानंतर तपासायला मी असतो. महिनाभर मी ते गुपचूप बाजूला काढले, कुणाला बोललो नाही. मशीन सुटलं तर हा माणूस खचेल, हे मला ठाऊक होतं. पण एक लॉट माझ्याही नजरेतून निसटला आणि परत आला. त्याची अजून लाज वाटते.

*

साहेबांनी परीक्षा ठेवली. टेबलावर दहा पीस, पाच चांगले, पाच खराब. जमलं तर मशीन, नाहीतर उद्यापासून पॅकिंग. समीर सर खाली मान घालून उभे.

काकांनी पहिल्या पीसवर नख फिरवलं. थांबले. परत फिरवलं.

मग त्यांनी मास्क खाली ओढला, पीस उचलला, डोळे मिटले आणि लायनरची पाठ खालच्या ओठावरून हळूच फिरवली. "खाली कापायलंय." दुसरा. "चांगला." असे दहाही पीस ओठावरून गेले. डावीकडे पाच, उजवीकडे पाच.

समीर सरांनी यादी तपासली. "दहाही बरोबर, साहेब!"

साहेब हळू आवाजात म्हणाले, "काका, तोंड लावलेला माल नाही चालत हो." आणि दोन्ही ढीग एकत्र करून स्क्रॅपच्या डब्यात टाकले.

काका वाकले. डब्यात हात घालून एकेक पीस ओठाला लावत पाच वेगळे काढले आणि टेबलावर नीट रचून ठेवले.

"साहेब, हे चांगले हायेत."