वायर माझ्या हातात होती

भूत-बित, करणी-बिरणी... मला कोणी असलं काही सांगायला लागलं की मी म्हणायचो, "माल दाखव, मग बोलू." मी धंदा करणारा माणूस. मूळचा दातिवऱ्याचा. बोईसरला पॅनलची वायरिंग करता करता कोडिंग शिकलो, कुणाच्या ओळखीवर नाही. तेव्हा हे वाचून हसायचं असेल तर खुशाल हसा. फक्त मी खोटं बोलतोय असं म्हणू नका... ते म्हणणारे घरातच भरपूर आहेत.

बोईसर स्टेशनवरून एमआयडीसीकडे जाताना एका हार्डवेअरच्या दुकानावर माझं ऑफिस आहे. कारखान्यात गॅस गळला की भोंगा वाजवणारं जे पॅनल असतं, त्याचं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. आम्ही म्हणजे मी आणि निलेश. त्याची कंपनी वेगळी, ऑफिस पालघरला, पण कामं एकत्र घ्यायचो आणि टेस्टिंगचा सर्व्हर दोघांत एक. तो माझ्याकडे. कोडमध्ये कसलीही दुरुस्ती केली — आम्ही पॅच म्हणतो — की ती आधी या सर्व्हरवर पाठवायची. तो आपला आपण सगळ्या टेस्ट चालवतो. पास झाली तरच ती मुख्य कोडमध्ये घ्यायची, म्हणजे मर्ज करायची.

सर्व्हरच्या वर मी एक दिवा बसवला होता, कारखान्यातल्या मशीनवर असतो तसला. टेस्ट पास झाली की हिरवा, नापास झाली की लाल. भंगारातून आणलेला. इतकी घासाघीस केली की भंगारवाल्याने हात जोडले, "ले जाओ सेठ, बस दोबारा मत आना." आमचा नियम होता: हिरवा लागल्याशिवाय मर्ज नाही, पॅच कोणाचाही असो.

त्या दुपारी पॅच निलेशचा होता. एका केमिकल कारखान्यात भोंगा उगाचच वाजायचा आणि कामगार बाहेर पळायचे. मॅनेजर वैतागलेला. म्हणून निलेशने बदल केला — गॅसचं एखादंच रीडिंग वर गेलं तर वाजायचं नाही, लागोपाठ वर राहिलं तरच वाजायचं. साधं काम. त्याच कारखान्यात माझा मेव्हणा किरण ऑपरेटर. मुरब्याचा, घरची होडी असलेला पोरगा. नोकरी मीच बोलून लावून दिलेली.

निलेश स्वतः माझ्याकडे येऊन बसला होता. टेस्ट संपल्या. स्क्रीनवर सगळं पास. दिवा लाल.

"वायर लूज असेल," मी म्हणालो. टेस्ट परत चालवल्या. स्क्रीनवर पास, दिवा लाल. मग मी स्टुलावर चढलो आणि दिव्याची वायर उपटून काढली. टोक माझ्या हातात.

दिवा लालच.

खाली हार्डवेअरवाला कोणाला तरी पाइप कापून देत होता, तेवढाच आवाज. दिव्यात बॅटरी नाही, काही नाही — मी तो स्वतः खोलून साफ केलेला. जुना बल्बवाला, लागला की तापतो. मी काचेला हात लावला. थंडगार.

निलेश भिंतीपर्यंत मागे सरकला. "बंद कर रे तो!"

"कसा करू? वायर ही बघ!"

मग तो आपोआप विझला. निलेशने घाम पुसला, लॅपटॉप उचलला. "चल, मर्ज करतो."

"नाही करायचा. लाल लागला होता."

"सुटलेल्या वायरीवर? क्लायंटला हे सांगू?" आणि तो हसला. "आता कळलं. वाटा वाढवून मागितलास, मी दिला नाही, म्हणून पॅच अडवतोयस. तू ना, तेराव्याच्या जेवणाचाही भाव करशील."

माझं डोकं फिरलं. स्टूल लाथेने उडवलं. "निघ इथून! आत्ताच्या आत्ता निघ!"

तो निघाला. पालघरला जाऊन त्याने पॅच मर्ज केला. दुसऱ्या दिवशी सकाळी मेसेज आला — "पॅनलवर टाकला, मस्त चालतोय. तुझा दिवा काय म्हणतो?"

मी किरणला फोन लावला. उचलला असता तर काय सांगणार होतो, देव जाणे. त्याने उचलला नाही. प्लांटमध्ये मोबाईल नेता येत नाही, गेटवर ठेवावा लागतो.

त्याच शिफ्टला व्हॉल्व्ह गळला. भोंगा वाजला नाही. किरणसोबतचा कामगार जागीच गेला. किरण वाचला... वाचला म्हणायचं. आता दारात खुर्ची टाकून बसतो. उठून पाणी घ्यायला गेला तरी धाप लागते.

चौकशी झाली. तज्ज्ञांनी त्या सकाळची रीडिंग आमच्याच सर्व्हरवर चालवून पाहिली. टेस्ट पास. मी वायर परत जोडून ठेवली होती, दिवाही हिरवा. पॅनल ठीक, सेन्सर ठीक. भोंगा वाजायलाच हवा होता, म्हणाले.

मुरब्याला भेटायला गेलो तेव्हा सासूबाईंनी 'बसा'ही म्हटलं नाही. किरणच बोलला, थांबत थांबत. "भावजी, शुद्ध आली तवा मोबाईल बगितला. तुमचा मिस्ड कॉल. तुमी मला दिवाळीला पन फोन करत नाय. त्याच दिवशी कसा केलात?"

"किरण, ऐक, तो दिवा—"

"निलेशभाऊ येऊन गेले. म्हनाले, खोट तुमाला ठाव होती. वाटा वाढवायला गप रायलात."

"माज्या पोराच्या जीवाचा पन भाव केलात, जावयबापू?" सासूबाई आतून म्हणाल्या.

"निलेश तिथेच होता!" मी ओरडलो. "वायर माझ्या हातात होती, त्याने पाहिलंय!"

"ते म्हनतात, दिवा काय पेटलेला नवता," किरण म्हणाला.

बायको आता माझ्याशी कामापुरतं बोलते.

दिवा सर्व्हरवर तसाच आहे. वायर मी कापून टाकलीय. दोन इलेक्ट्रिशियनना दाखवला; सप्लायशिवाय हा लागूच शकत नाही, दोघांचं एकच म्हणणं. ते मलाही माहीत आहे. मग त्या दुपारी काय लागलं होतं, आणि जो पॅच पुढेही पास होणार होता त्याच्यावर का लागलं?

निलेश चारचौघांत शपथ घेऊन सांगतो की त्याने काही पाहिलं नाही. आम्ही भेटत नाही. पण सर्व्हर अजून सामाईक आहे, त्याचे पॅच येत असतात. टेस्ट पास होतात, तरी तो लगेच मर्ज करत नाही. आधी माझा फोन वाजतो. ना नाव, ना नमस्कार.

"वर बघ."

मी बघतो. "बंद आहे."

तो फोन ठेवतो. मगच मर्ज करतो.